कमिट मेसेज मशीनकडून लिहून घेता का? अनुभव हवेत

बाणेर_टेकडी (धागाकर्ता)

आमच्या टीममध्ये सध्या एका विषयावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. काम पेमेंटचं, कोड गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली), मंडळी निम्मी बाणेर-हिंजवडीत आणि उरलेली आपापल्या घरून. नव्या लीडने फर्मान काढलंय की यापुढे कमिट मेसेज, म्हणजे बदल नोंदवताना सोबत लिहायच्या टिपा, हाताने लिहायचे नाहीत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये सोर्स कंट्रोलच्या खिडकीत ते चांदणीचं बटण असतं, ते दाबायचं. कोपायलट (कोडसाठीचा एआय मदतनीस) डिफ, म्हणजे कुठल्या ओळी कशा बदलल्या ते, वाचून मेसेज लिहून देतो. आपण कमिट करून मोकळं व्हायचं.

त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आमचा लॉग (आजवरच्या कमिटची यादी) उघडलात तर "फिक्स", "फिक्स २", "फायनल फिक्स", "रिव्ह्यू कमेंट्स", "आता तरी चाल बाबा" अशी रांग दिसते. यापेक्षा मशीन काहीही खरडेल ते बरं, असं तो म्हणतो आणि त्याला तोंडावर उत्तर देणं अवघड जातं.

पण परवाचंच बघा. पेमेंट क्लायंटमधला टाइमआउट ३० सेकंदांवरून ९० केला. एका ओळीचा बदल. चांदणीने लिहिलं, "पेमेंट क्लायंटचा टाइमआउट ३० वरून ९० सेकंद केला, विश्वासार्हता वाढवण्यासाठी" (मूळ अर्थात इंग्रजीत, झकपक). पहिला अर्धा भाग डिफमध्येच दिसतो. दुसरा अर्धा त्याने मनाने घातला. खरं कारण असं की एका बँकेकडून मध्यरात्रीनंतर उत्तर उशिरा येतं, आम्ही ३० सेकंदांत हात वर करतो, आणि ग्राहकाचे पैसे तोवर कापले गेलेले असतात. हे डिफमध्ये कुठून येणार? ते फोनवर बोलणं झालेलं.

तर जाणकारांनी सांगावं: कुणी हे रोजच्या कामात वापरतंय का? किती भाग मशीनला द्यावा, किती आपल्याकडे ठेवावा?

ता. क. पुणेरी पाट्यांची उपमा कृपया नको. आमच्या स्टँडअपमध्ये ती झिजून गुळगुळीत झाली आहे.

सातारी_कंदी

आता पाटी नाही तर काय प्रतिसाद देणार :(

"आता तरी चाल बाबा" मला तरी अत्यंत प्रामाणिक मेसेज वाटला. लेखकाची मनःस्थिती, बदलाचा हेतू, यशाची शक्यता, सगळं चार शब्दांत.

कोडकुसर

मी लीडच्या बाजूने. इथे सगळे आता "कारण लिहा, कारण लिहा" म्हणत येतील, म्हणून आधीच बोलतो.

५० अक्षरांचं शीर्षक, एक ओळ मोकळी, मग ७२ अक्षरांच्या ओळींत सविस्तर, हा नियम टिम पोपने २००८ मध्ये लिहून ठेवला. तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या विकीवर तो डकवलेला आहे. फरक पडला? लोक शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, हिंजवडीतून बाहेर पडायची वेळ टळू नये म्हणून कमिट करतात. त्यांच्याकडून परिच्छेदाची अपेक्षा ठेवू नका. चांदणी दाबल्यावर निदान कोणत्या मॉड्यूलमध्ये काय हललं एवढं तरी कळतं. लॉग चाळताना "फिक्स २" पेक्षा ते कितीतरी उपयोगी.

शिवाय बहुतेक कमिटना सांगण्यासारखं कारण नसतंच. लायब्ररीची आवृत्ती वाढवली, स्पेलिंग सुधारलं, न वापरलेला इम्पोर्ट काढला. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या वाढवणारा डिपेंडाबॉट आपले मेसेज स्वतःच लिहितो, त्यावर कुणी उपोषणाला बसलेलं पाहिलं नाही. मर्ज (कोडच्या दोन शाखा जोडणं) आणि रिव्हर्ट (जुना कमिट उलटवणं) यांचे मेसेज तर गिट पहिल्यापासून आपणहून भरून देतं.

जुनं_खोड

कोडकुसर, रिव्हर्टचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. गिट रिव्हर्टमध्ये आपोआप काय लिहितं? अमुक कमिट उलटवला, बास. का उलटवला ते नाही. सहा महिन्यांनी तोच बदल कुणीतरी उत्साहाने परत घालतो, कारण तो का काढला होता हे कुठेही नोंदलेलं नाही. आपोआप आलेला मजकूर तसाच ठेवायची सवय तिथूनच लागली.

मी गिटच्या आधीच्या आरसीएस या प्रणालीपासूनचा माणूस. त्यात एक सोय होती, फाइलमध्ये "लॉग" हा कीवर्ड डॉलरच्या चिन्हांत लिहून ठेवला की प्रत्येक चेक-इनचा मेसेज आपोआप त्या फाइलच्या डोक्यावर येऊन बसायचा. फायली वरून फुगत जायच्या. कोड सुरू होईपर्यंत तीन पडदे खाली जावं लागे. पण गंमत अशी की आपलं लिहिणं पुढचा माणूस फाइल उघडल्या उघडल्या वाचणार हे माहीत असल्यामुळे लोक जपून लिहीत. आता मेसेज लॉगमध्ये गाडला जातो. वाचणारा डोळ्यासमोर नाही, म्हणून लिहिणाराही बेफिकीर.

लिनक्स कर्नलचं बघा. तिथे पॅच (सुचवलेला बदल) ईमेलने जातो. मेसेज हीच तुमची वकिली: काय बिघडलं होतं, कुणाला त्रास होत होता, हाच उपाय का. मेंटेनरला (तो भाग सांभाळणाऱ्याला) पटलं नाही तर पॅच बाहेर. दोष दुरुस्त करत असाल तर "फिक्सेस" अशी शेपूट जोडून मूळ दोषी कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं द्यायची. त्या शेपटीवरून कुठली दुरुस्ती कुठल्या जुन्या आवृत्तीत न्यायची ते ठरवणं सोपं जातं. "साइन्ड-ऑफ-बाय" ही ओळ २००४ मध्ये आली, लिनक्समधल्या कोडवरून झालेल्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर, कोड कुठून आला याची जबाबदारी कुणीतरी नावानिशी घ्यावी म्हणून. हे सगळं लिहिणाऱ्याला कुणी हौस म्हणून करायला लावत नाही.

आणि हो, लिनक्स आणि गिट दोन्हींचा जनक असलेल्या खुद्द लिनसने ७ एप्रिल २००५ रोजी गिटचा पहिला कमिट केला, त्याचा मेसेज "नरकातून आलेला माहिती-व्यवस्थापक" अशा अर्थाचा आहे. चांदणीने तिथे "इनिशियल कमिट" लिहिलं असतं.

सातारी_कंदी

जुनं_खोड यांच्या शेवटच्या ओळीला +१. आणि ज्यांना मशीनचीच हौस आहे त्यांच्यासाठी व्हॉटदकमिट नावाची साइट जुनीच आहे, दर वेळी एक निरर्थक मेसेज काढून देते. एआय नको, टोकन नको, लीड खूश.

टेस्टर_ताई

मी लिहिणाऱ्यांच्या नव्हे, वाचणाऱ्यांच्या बाजूने बोलते, कारण तुम्ही लोक लिहिता आणि आम्ही वाचतो.

गिट बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणारी आज्ञा) चालवलं की शेवटी एक कमिट हातात येतो: यानंतर बिघडलं. तिथे पोचल्यावर मला एकच गोष्ट ठरवायची असते, हा बदल मुद्दाम केलाय की नकळत झालाय. "कॅल्क्युलेट टोटलमधील राउंडिंग लॉजिक रिफॅक्टर केलं" (म्हणजे वागणं न बदलता कोडची रचना सुधारली) हे वाचून मला काय कळणार? राउंडिंग बदललं हे मला समोर दिसतंय. जीएसटीच्या हिशेबासाठी बदललं असेल तर माझी टेस्ट चुकीची आहे, मी टेस्ट बदलेन. कोड साफ करताना हात लागला असेल तर बग आहे, मी डेव्हलपरला पकडेन. दोन्हींत डिफ तंतोतंत तोच.

माझ्या मते "फिक्स २" परवडला. तो बघून निदान कळतं की इथे काही मिळणार नाही, माणसाला विचारावं. मशीनचा सफाईदार मेसेज वाचला की वाटतं कारण मिळालं, आणि आपण विचारत नाही. धागाकर्त्यांच्या उदाहरणातलं ते "विश्वासार्हता वाढवण्यासाठी" आहे ना, ते याच जातीचं.

कोडकुसर

ताई, हा मुद्दा मान्य. पण मग मॉडेलला सांगा ना की कारण लिहू नकोस, फक्त काय बदललं ते लिही. प्रॉम्प्टमध्ये एक ओळ.

टेस्टर_ताई

मग ते डिफची नक्कल झाली. डिफ मला वाचता येतो.

कोडकुसर

चाळीस फायलींचा डिफ? :)

टेस्टर_ताई

चाळीस फायलींचा एकच कमिट करणाऱ्याचं दुखणं मेसेजच्या पलीकडचं आहे.

खराडी_बायपास

कुणी सुरक्षेबद्दल बोललंच नाही. मी सर्व्हिसेसमध्ये. आमच्या क्लायंटच्या करारात साफ लिहिलंय की कोड त्यांनी मान्य केलेल्या यंत्रणेबाहेर जाता कामा नये. चांदणी दाबली की स्टेज केलेला (कमिटसाठी निवडलेला) डिफ कुठल्या तरी सर्व्हरवर जातो. कंपनीने परवाना घेतला असेल, अटी तपासल्या असतील, तर ठीक. पण मुलं स्वतःच्या खात्यावर ओपनकमिट किंवा एआयकमिट्ससारखं मेसेज लिहिणारं एखादं टूल टाकतात, एआय सेवेची किल्ली देतात स्वतःच्या खिशातली, आणि क्लायंटचा कोड बाहेर. चुकून डॉट-ईएनव्ही फाइल स्टेज झाली असेल तर पासवर्डही त्याच वाटेने गेले. एरवी ती चूक पुश होण्याआधी (सामायिक सर्व्हरवर जाण्याआधी) लक्षात आली तर निस्तरता येते. इथे मेसेज तयार होतानाच माहिती निघून गेलेली.

आम्ही ओलामावर छोटं मॉडेल लॅपटॉपवरच चालवून बघितलं. चालतं. पंखा विमानासारखा वाजतो. छोट्या बदलाला बरा मेसेज देतं, मोठा डिफ दिला की शेवटच्या दोन फायलींबद्दलच बोलतं.

दुसरं, हूकमध्ये (कमिटच्या वेळी गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्टमध्ये) नेटवर्कवरचं काहीही ठेवू नका. गिटची सगळी मजा ही की नेट नसताना कमिट होतो. आमच्यातला एक जण येता-जाता मेट्रोत काम करतो. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा भुयारी, रेंज गेली की याचा कमिट मॉडेलच्या उत्तराची वाट बघत लटकलेला. रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) करताना तर प्रत्येक कमिटला थांबायचा.

मास्तर

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, त्यामुळे थोडं पुस्तकी बोललो तर चालवून घ्या.

डिफवरून मेसेज बनवण्याचे प्रयत्न चॅटबॉटच्या लाटेआधीचे आहेत. २०१७ मध्ये भाषांतरासाठी वापरतात तसलं न्यूरल मॉडेल घेऊन, एकीकडे डिफ आणि दुसरीकडे मेसेज असं शिकवून पाहिलं गेलं. गुण चांगले आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तोच डेटा खणून काढला, तर त्यातले सुमारे १६ टक्के मेसेज बॉटने लिहिलेले किंवा नगण्य निघाले. ते काढल्यावर मॉडेलचे गुण धाडकन खाली. मग त्यांनी एक साधी युक्ती केली: नव्या डिफसारखाच दिसणारा जुना डिफ शोधायचा आणि त्याचा मेसेज जसाच्या तसा उचलायचा. ही उचलेगिरी त्या मॉडेलपेक्षा सरस ठरली, आणि वेळही फारच कमी लागला!

आजची मॉडेलं त्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत, वाद नाही. पण टेस्टर_ताईंची तक्रार त्याच जागी उभी आहे. जे कारण डिफमध्ये नाही ते डिफवरून कोण काढणार? मॉडेल मोठं केल्याने ते आत येत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र मी चांदणीच्या विरोधात नाही. सांगली, लातूर, बीडकडून आलेली, मराठी माध्यमातली मुलं "फिक्स" लिहितात ती आळसाने नव्हे, इंग्रजीच्या धास्तीने. कारण त्यांना पक्कं माहीत असतं. तोंडी विचारलं की दहा मिनिटं समजावून सांगतील. त्यांना मी सांगतो, कारण मराठीत लिहा, मग हवं तर मशीनकडून इंग्रजी करून घ्या. हा वापर मला योग्य वाटतो, आशय तुमचा आणि भाषा त्याची.

अवांतर: प्रोजेक्टमध्ये सरळ मराठीतच मेसेज लिहायची मुभा दिली, तर कमिट नाकारले जाऊ लागले. लांबी तपासणारी स्क्रिप्ट डब्ल्यूसी या आज्ञेने अक्षरं नव्हे, बाइट मोजत होती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे धरून. "पेमेंट टाइमआउट" एवढ्यातच ४० बाइट झाले, ५० च्या मर्यादेत पुढे लिहिणार काय! बाइटऐवजी अक्षरं मोजायचा पर्याय दिला, लोकेल (भाषेचं सेटिंग) नीट लावलं, मग सुटलं. विंडोजवर लॉगमध्ये अक्षरांऐवजी कोनी कंसातले आकडे दिसत असतील तर लेस या लॉग दाखवणाऱ्या प्रोग्रामचा कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८ करा.

सातारी_कंदी

मास्तर, म्हणजे मराठीत मनातलं बोलायला तिप्पट जागा लागते, हे आता शास्त्राने सिद्ध झालं.

रामबाग_कॉलनी

सगळे एआयवर घसरले. ऑटोमेशन म्हणजे फक्त एआय नव्हे हो. मेसेजचा जो भाग यांत्रिक आहे तो दहा ओळींच्या स्क्रिप्टने होतो, फुकट, नेटशिवाय आणि दर वेळी सारखा. आमच्याकडे बरीच वर्षं चालू आहे, थोडं सविस्तर लिहितो.

ब्रँचच्या (कामासाठी काढलेल्या कोडच्या शाखेच्या) नावात तिकिटाचा, म्हणजे कामाच्या नोंदीचा नंबर असतोच. प्रिपेअर-कमिट-एमएसजी हा हूक एडिटर उघडण्याआधी चालतो. त्याला मेसेजच्या फाइलचं नाव मिळतं, आणि दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये मेसेज कुठून आला तेही: टेम्प्लेट, मर्ज, स्क्वॉश (अनेक कमिट एकात चेपणं), की आधीचा कमिट. ब्रँचच्या नावावरून नंबर काढायचा आणि मेसेजच्या शेवटी जोडायचा. यात लोक जिथे हमखास ठेचकाळतात त्या जागा अशा.

ते दुसरं आर्ग्युमेंट तपासलंच पाहिजे. नाहीतर अमेंड केलं (शेवटचा कमिट सुधारला) की नंबर परत जोडला जातो, चारदा अमेंड केलं की चार नंबर. रिबेसमध्ये तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नसता, तेव्हा ब्रँचचं नाव मिळत नाही. अशा वेळी स्क्रिप्टने आरडाओरडा न करता गुपचूप बाहेर पडावं. नंबर हॅशच्या (#) चिन्हाने सुरू होत असेल तर ओळीच्या सुरुवातीला कधीही ठेवू नका, कारण एडिटरमधून कमिट करताना गिट तशी ओळ टिप्पणी समजून पुसून टाकतं. मायनस-एमने, म्हणजे मेसेज आज्ञेतच लिहून, कमिट केलं तर राहते, त्यामुळे "माझ्याकडे तर चालतंय" हा वाद ठरलेला. एकतर नंबर शेवटी ठेवा किंवा टिप्पणीचं चिन्ह कॉन्फिगमधून बदला.

मेसेज तपासायचा तर कमिट-एमएसजी हा दुसरा हूक. तो नो-व्हेरिफाय देऊन टाळता येतो. पहिला मात्र नो-व्हेरिफाय दिलं तरी चालतोच, हे पुष्कळांना माहीत नसतं. क्लोन केल्यावर (कोडची प्रत उतरवल्यावर) हूक सोबत येत नाहीत, म्हणून ते रेपोतल्याच (कोडच्या साठ्यातल्याच) एका फोल्डरात ठेवा आणि कोअर-हूक्सपाथ हे सेटिंग तिकडे वळवा. गिट २.९ पासून, म्हणजे २०१६ पासून ही सोय आहे. नोडचा प्रोजेक्ट असेल तर हस्की आणि कमिटलिंट हेच काम करतात. आणि ज्या नियमावर खरोखर काही अवलंबून आहे तो सर्व्हरवर किंवा सीआयमध्येही (पुश झाल्यावरच्या आपोआप तपासणीत) तपासा. लॅपटॉपवरचा हूक ही विनंती असते, सक्ती नव्हे.

राहिलं कारण. त्यासाठी कमिट-टेम्प्लेटमध्ये टिप्पणी म्हणून एवढंच ठेवलंय: "हे आधी का चालत नव्हतं? हे केव्हा काढून टाकता येईल?" आणि कमिट-व्हर्बोज सुरू, म्हणजे एडिटरमध्ये खाली डिफ दिसतो. डिफ समोर असताना "फिक्स" लिहायला माणसाला जरा लाज वाटते.

कोडकुसर

रामबाग, हे मस्त. पण तुम्ही कन्व्हेन्शनल कमिट्स (मेसेजच्या सुरुवातीला बदलाचा प्रकार लिहायची पद्धत) वापरता की नाही ते लिहिलं नाही. आमच्याकडे फीट, फिक्स वगैरे उपसर्ग लावायचं काम एआय करतं आणि फार सुख आहे.

रामबाग_कॉलनी

वापरतो, आणि नेमकं तेच मी एआयला देणार नाही. तो उपसर्ग माणसांच्या वाचनासाठी कमी आणि सिमँटिक-रिलीजसारख्या, आवृत्तीचा नंबर ठरवणाऱ्या यंत्रांसाठी जास्त असतो. फिक्स म्हटलं की पॅच नंबर (आवृत्तीचा शेवटचा आकडा) वाढतो, फीट (नवी सोय) म्हटलं की मायनर (मधला), ब्रेकिंग चेंज (जुनं वापरणाऱ्यांचं मोडणारा बदल) म्हटलं की मेजर (पहिला). आता समजा कुणी एपीआयमधल्या (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायच्या दारामधल्या) एका फील्डचं नाव बदललं. डिफ बघून मॉडेलला ते नामांतर दिसतं, ते "रिफॅक्टर" लावून देतं. सिमँटिक-रिलीजच्या मूळ नियमांत रिफॅक्टरला नवी आवृत्तीच निघत नाही. मग तो बदल पुढच्या एखाद्या फिक्सबरोबर पॅच म्हणून बाहेर जातो, आणि ज्यांनी आपली लायब्ररी विश्वासाने घेतली त्यांचं प्रॉडक्शन मोडतं. ते फील्ड बाहेर कोण वापरतंय हे त्या डिफमध्ये नसतं.

खराडी_बायपास

+१००. हे घडताना बघितलंय. पुढचं लिहीत नाही, माणसं ओळखू येतील.

टेस्टर_ताई

एक सुचवू का? सगळे मशीनला लिहायला लावताय. त्याला विचारायला लावा. डिफ द्यायचा आणि सांगायचं, मेसेज लिहू नकोस, हा डिफ वाचून वर्षभराने नवीन माणसाला जो प्रश्न पडेल तो एकच विचार. उत्तर डेव्हलपरने लिहायचं, तेवढंच मेसेजमध्ये जाईल. आम्ही टेस्टर लोक नाहीतरी हेच करतो, फक्त आम्ही विचारतो तेव्हा रिलीज दोन दिवसांवर आलेली असते आणि सगळ्यांच्या कपाळावर आठ्या असतात.

जुनं_खोड

ताई, ही कल्पना धाग्यातली सर्वात कामाची. प्रश्न एकच हवा ही अट मात्र सोडू नका. पाच प्रश्न विचारलेत की लोक उत्तरंही मशीनकडूनच लिहून घेतील.

बाणेर_टेकडी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ताईंची कल्पना लगेच करून बघितली, आमच्या परवान्यातल्याच मॉडेलवर (खराडी_बायपास, नोंद घ्यावी). तोच टाइमआउटचा डिफ दिला. प्रश्न आला: "९० च का, ६० किंवा १२० का नाही?"

मजा अशी की टीममध्ये कुणालाच सांगता येईना. शोधाशोध केल्यावर ज्याने बँकेशी बोलणं केलं होतं त्याच्या मेलमध्ये सापडलं. बँकेच्या माणसाने लिहिलं होतं की रात्रीच्या सेटलमेंटच्या वेळी उत्तर ७५ सेकंदांपर्यंत लांबू शकतं, आणि स्टेटस विचारायचा वेगळा एपीआय ते नंतर देणार आहेत. मग हाताने लिहिलेला मेसेज असा झाला (इथे मराठीत देतोय):

"पेमेंट: रात्रीच्या सेटलमेंटसाठी टाइमआउट ९० सेकंद

मध्यरात्रीनंतर बँकेचं उत्तर ७५ सेकंदांपर्यंत लांबतं. ३० ला तोडलं तर पैसे कापले जातात आणि ऑर्डर अपुरी राहते. ९० म्हणजे ७५ अधिक थोडी सूट. बँकेने स्टेटस एपीआय दिला की हे परत ३० करावं."

लीडला दाखवला. तो म्हणाला, हे ठीक आहे पण प्रत्येक कमिटला एवढा वेळ देणार का? इथे बहुतेक कमिटना सांगण्यासारखं कारण नसतं हे कोडकुसर यांचं म्हणणं कामाला आलं. आमच्याकडे पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती) स्क्वॉश करूनच मर्ज होते, त्यामुळे मुख्य ब्रँचवर एका कामाचा एकच मेसेज उरतो. ठरलं ते असं: आपल्या ब्रँचवर चांदणी दाबा, "आता तरी चाल बाबा" लिहा, कुणी बघत नाही. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात मात्र कारण माणसाने लिहायचं. गिटहबच्या सेटिंगमध्ये स्क्वॉशचा मेसेज म्हणून पुल रिक्वेस्टचं शीर्षक आणि वर्णन येईल असं करून टाकलंय. तिकिटाचा नंबर रामबाग यांच्या पद्धतीने हूक लावतो. उपसर्ग रिव्ह्यू करणारा तपासेल. लायब्ररीच्या आवृत्त्या वगैरे बॉट परस्पर बघून घेईल.

लीडने चांदणीचं फर्मान अधिकृतपणे मागे घेतलेलं नाही, पण त्याबद्दल आता कुणी बोलत नाही. पुण्यात याला माघार म्हणतात.

कोडकुसर

स्क्वॉशबद्दल एक इशारा. मोठं काम एकाच कमिटमध्ये चेपलं की गिट ब्लेमला (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवणाऱ्या आज्ञेला) प्रत्येक ओळीवर तोच मेसेज दिसतो, बायसेक्टही त्या ढिगाऱ्यापाशी येऊन थांबतं. पुल रिक्वेस्ट लहान ठेवा, नाहीतर ताई पुन्हा चाळीस फायलींवरून बोलतील.

टेस्टर_ताई

बोलणारच.

मास्तर

बाणेर_टेकडी, ब्लेमचा विषय निघालाच आहे तर, फॉरमॅटरने (कोडची मांडणी सारखी करणाऱ्या टूलने) सगळा कोड एका फटक्यात बदलला असेल तो कमिट ब्लेममधून वगळता येतो. हॅश एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि ब्लेमच्या इग्नोर-रेव्ह्ज-फाइल या सेटिंगला तिचं नाव द्यायचं. गिट २.२३ पासून आहे. नाहीतर लिहिलेलं कारण फॉरमॅटरच्या थराखाली जातं आणि वरवर कुणाला सापडत नाही.

नवा_गडी_वाकड

छान चर्चा. रामबाग यांचा हूक आमच्याकडे विंडोजवर बसवला, तर "बॅड इंटरप्रिटर" असं काहीतरी येतंय. मॅकवाल्यांकडे तर काहीच होत नाही, एररही नाही. काय चुकतंय?

रामबाग_कॉलनी

दोन वेगळी दुखणी आहेत. विंडोजवर फाइलच्या ओळींचे शेवट सीआरएलएफ (विंडोजच्या पद्धतीचे) झाले असणार. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये हूकच्या फोल्डरला ईओएल=एलएफ (युनिक्सच्या पद्धतीचे शेवट) असं लावा आणि फाइल नव्याने चेकआउट करा. मॅकवर स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी आहे का बघा, सीएचमॉड करून ती परवानगीच कमिट करा, म्हणजे पुढच्यांना त्रास नाही. तरी चाललं नाही तर कोअर-हूक्सपाथ त्या मशीनवर लावलाय का ते तपासा. ते सेटिंग क्लोनबरोबर येत नाही, प्रत्येकाला एकदा चालवावं लागतं. आम्ही ते प्रोजेक्टच्या सेटअप स्क्रिप्टमध्येच घालून ठेवलंय.

नवा_गडी_वाकड

सीआरएलएफच होतं. चाललं. मॅकवाले जेवायला गेलेत, आले की बघतो.